बोर्ड की कार्ड

दोन हजार चारच्या त्या पावसाळ्यात भीमराजला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही. जवळा बाजारात बसस्टँडसमोर त्याचा फोटो आणि व्हिडिओचा स्टुडिओ होता. स्टुडिओत एक कॉम्प्युटर होता. सकाळी चालू केला की तो कधी पडद्यावर आडव्या रेघोट्या मारायचा, कधी अर्ध्यातच थिजायचा, तर कधी नुसतं पीं पीं करून गप्प व्हायचा. भीमराज त्याच्यापुढं बसायचा, उठायचा, त्याचा डबा उघडून आत फुंकर मारायचा, पुन्हा बंद करायचा, शेजारच्या हॉटेलात जाऊन चहा सांगायचा आणि चहा यायच्या आत परत यायचा. शेवटी हॉटेलवाल्यानं त्याचा चहा ओतणंच बंद केलं.

प्रश्न म्हटला तर साधा होता. दुखणं मदरबोर्डात आहे की ग्राफिक्स कार्डात? बोर्ड म्हणजे आतली मोठी हिरवी पाटी, जिच्यावर सगळं कॉम्प्युटरचं बिऱ्हाड मांडलेलं असतं. कार्ड म्हणजे तिच्यात खोचलेली लहान पाटी, जिच्या जिवावर पडद्यावरचं चित्र दिसतं. दोन्ही बदलायची ऐपत नव्हती. एकच बदलता येणार होतं, आणि ते कोणतं हे ठरत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस इतका हैराण होतो का, असं तुम्ही म्हणाल. होतो. पण त्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याचं त्यालाही पुष्कळ दिवस कबूल नव्हतं.

भीमराज मुळात डोळ्याचा माणूस. बाप सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवर माती उपसायचा. पोरानं बारावी करून परभणीच्या एका स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचं काम धरलं आणि तिथंच त्याला या धंद्याचं वेड लागलं. गावी येऊन त्यानं आधी एप्रिलातल्या भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो काढले, मग खांद्यावर घ्यायचा भला मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी नांदेडहून हा कॉम्प्युटर आला. जीपमधून, गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. पहिला आठवडाभर लोक तो नुसता बघायला येत. एका म्हातारबाबानं तर चपला बाहेर काढल्या होत्या.

त्या कॉम्प्युटरवर भीमराज लग्नाची कॅसेट सजवायचा. गुलाबाच्या पाकळीतून नवरी बाहेर यायची, मोराच्या पिसाऱ्यात नवरदेव बसायचा, वरातीची जीप ढगातून जायची. लोक खूश, भीमराज त्याहून खूश. फक्त कानाच्या बाबतीत गडी ठार उदासीन. लग्नातला आवाज म्हणजे काय, बँडचा कलकलाट, जनरेटरची घरघर आणि "वाढा की इकडं" म्हणून चाललेली बोंबाबोंब. तो ठेवून करायचं काय? तो सगळा पुसून त्यावर सिनेमाची गाणी टाकायची, हा त्या धंद्यातल्या सगळ्यांचा रिवाज होता. आणखी एक भानगड होती. कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये लग्न भरताना दोन वायरी लावाव्या लागत. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. दोन्ही लावल्या की बिचारं मशीन धापा टाकायचं. आवाज पुढं पळायचा आणि तोंडं मागून हलायची. मग भीमराज सरळ पांढरी वायर उपसून टाकायचा. मशीनचं ओझं हलकं. आजवर कुणाची तक्रार आली नव्हती.

अशात मे महिन्यात सिद्धेश्वरकडच्या एका तांड्यावर मोहनसिंगच्या लेकीचं, पुजाचं लग्न झालं. मोहनसिंगची आई रुख्मिणीबाई ही आसपासच्या तांड्यांवर ढावलोसाठी नावाजलेली. बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघाली की आयाबायांच्या गळ्यात पडून गात रडते. ते रडणं नुसतं रडणं नसतं. त्याला चाल असते, शब्द असतात, आणि ते मुलीला लग्नाआधी बसून शिकवावं लागतं. त्याला म्हणतात ढावलो. रुख्मिणीबाईंनी पुजाला शिकवला होताच, पण ऐन वेळी पोरीचा कंठ दाटला, तेव्हा म्हातारीनं तिला छातीशी धरून स्वतःच सूर लावला. त्यात तिनं त्या दिवसापुरते, त्या पोरीपुरते शब्द जोडले. मग पुजा रीतीप्रमाणे बैलाच्या पाठीवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि बापाच्या घराला आशीर्वाद दिले. भीमराजला बंजाऱ्यांची गोरमाटी बोली ओ की ठो कळत नव्हती, तरी त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं म्हातारीचा चेहरा पडदाभर घेतला आणि हलू दिला नाही. घरी आल्यावर शीतलला, म्हणजे बायकोला, तो म्हणाला होता, "असा सीन दहा वर्षात न्हाई घावला मला."

लग्न कॉम्प्युटरमध्ये भरून झालं, सजवायचं सवडीवर ठेवलं. आणि मग त्यानं तेच केलं जे तो नेहमी करायचा. मोकळ्या झालेल्या टेपवर पुढचं लग्न घेतलं. एक टेप तीन-चार लग्नं ओढायची, हीसुद्धा या धंद्याची रीतच. जूनमध्ये तिथी संपल्या, पाऊस लागला, आणि एक दिवस कॉम्प्युटरनं रेघोट्या मारायला सुरुवात केली.

सुरुवातीला भीमराजला या दुखण्याचं दुःख कमी आणि आनंदच जास्त होता. बरेच दिवस त्याच्या मनात नवं ग्राफिक्स कार्ड घोळत होतं. वसमतच्या एकानं म्हणे नवरी फिरत्या पृथ्वीवर उभी केली होती. तसं कार्ड आपल्याकडं आलं तर आपण चंद्रावर उभी करू! पुण्यात नोकरीला असलेला मेहुणा रत्नपाल फोनवर म्हणाला, "दाजी, डोळे झाकून कार्ड घ्या. रेघा म्हणजे कार्डच." वसमतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलेला दिपक म्हणाला, "दादा, बोर्ड गेलाय. नव्या कार्डाला जुना बोर्ड म्हणजे लंगड्या बैलाला नवी झूल." हॉटेलवाला म्हणाला, दोन्ही विका आणि झेरॉक्स मशीन घ्या. ज्याला कॉम्प्युटर कुठून चालू करतात हे ठाऊक नव्हतं, त्याचंही मत तयार होतं. भीमराज सकाळी बोर्डाच्या बाजूचा असायचा आणि दुपारी कार्डाच्या.

मग बाजारच्या दिवशी मोहनसिंग आला. लाल फेट्यावरची पोतडी दारातच ठेवली, राम राम केला आणि बाकावर बसता बसता म्हणाला, "भाऊ, माय पडली."

"काय झालं?"

"लकवा. उजवं अंग गेलं. पाय येईल म्हणून राहिला डाक्टर, पण बोलणं न्हाई येणार म्हणे. जीभच उचलत न्हाई तिची." मग तो कामाचं बोलला. "पुजा तीजेच्या सणाला माहेरी येऊन राहिली. रडून रडून एकच म्हणती, दादीचा आवाज कॅसेटमधी हाय, तेवढा मला ऐकवा. आमी मायलाबी ऐकवू. बाकी काही नगं, भाऊ. ते गुलाबाचं फूल-बीलबी नगं. तीजेपर्यंत तेवढं द्या."

"देतो की," भीमराज म्हणाला. "मशीन जरा बिघडली. बोर्ड टाकायचा का कार्ड, तेवढं ठरू द्या."

"जे टाकायचं ते टाका. मला त्यातलं काय कळतं? आवाज तेवढा नीट निघू द्या."

मोहनसिंग गेला आणि भीमराजनं आधी टेप शोधली. लावून बघतो तर तिच्यात कुरुंद्याचा कुणी नवरदेव घोड्यावर बसून घाम पुसत होता. तेही त्याला ठाऊक होतंच. मग त्याची नजर भिंतीकडं गेली. पांढरी वायर खिळ्याला टांगलेली होती.

ती तिथं कधीपासून होती? पुजाचं लग्न भरताना ती लावली होती का? भीमराजनं डोकं धरलं. त्या दिवशी मशीन बरं चाललं होतं की धापा टाकत होतं? उकाडा होता, पंखा मशीनकडं फिरवला होता, हे आठवत होतं. पुढचं काही केल्या आठवत नव्हतं. लावली असेल. एवढा चांगला सीन होता, लावलीच असेल. आणि नसेल तर? एका म्हातारीचा जो आवाज उभा जन्म तांड्यावर घुमला, तो आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, भीमराजच्या बंद पडलेल्या डब्यात. आणि तो तिथं तरी आहे का, हे भीमराजलाच माहीत नव्हतं.

आता खरं तर माणसानं पळत जाऊन मशीन दुरुस्त करायला हवं. भीमराजनं नेमकं उलटं केलं. बोर्ड की कार्ड हा प्रश्न त्यानं असा काही उगाळायला घेतला की ऐकणारे पळून जायला लागले. गाडीवर टांग टाकायचा, वाटेतल्या हट्टा गावावरून वसमत गाठायचा, दिपकच्या दुकानात बसून तेच तेच विचारायचा. हा बोर्ड घेतला तर जुनं कार्ड बसेल का? ते कार्ड घेतलं तर पुढच्या वर्षी बोर्ड बदलावा लागेल का? बोर्ड बदलताना आतलं सगळं पुसावं लागतं असं कुणी म्हणत होतं, खरं का? एकदा दिपकनं बोर्ड खोक्यात बांधून हातात दिला, तर हा गडी हट्ट्यापर्यंत गेला आणि तिथून माघारी फिरून परत करून आला. म्हणाला, रत्नपालला एकदा विचारतो. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं आणि तीज जवळ येत होती.

एके दिवशी दिपक वैतागला. पोरगा तसा शांत, पण गिऱ्हाईक दुकानातच मुक्काम ठोकून बसलं तर कुणाचंही डोकं फिरेल. "दादा, काहून सवताचा जीव खाऊन राहिले? बोर्ड ऱ्हाऊ द्या, कार्ड ऱ्हाऊ द्या. तुमच्या डब्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून आणा. एवढीशी डबी असती. सगळं लग्न तिच्यातच हाय. माझ्या मशिनला लावतो, इथंच बघून घेऊ. हातच्या कांकणाला आरसा कशाला पाहिजे?"

"असं होतं व्हय?" भीमराज म्हणाला.

"मग! चुटकीचं काम."

"आणतो, आणतो," म्हणून भीमराज उठला आणि दारातून वळून म्हणाला, "पण समज, कार्डच टाकायचं ठरलं तर..."

दिपकनं कपाळावर हात मारला.

हार्ड डिस्क काही वसमतला गेली नाही. एक दिवस पाऊस होता. एक दिवस स्क्रू काढायचा पेचकस घावला नाही. एक दिवस म्हणे जयंती मंडळाची मीटिंग होती, श्रावणात! रात्री जेवण जाईना, दिवसा दुकानात मन लागेना. पासपोर्ट फोटोला आलेल्या एका मास्तरांचं त्यानं निम्मंच डोकं घेतलं. बाजारात कुणी लाल फेटेवाला दिसला की मोहनसिंग समजून आत पडद्यामागं जाऊन उभा राहायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

शीतल अंगणवाडीत होती. दिवसभर पन्नास लेकरांच्या थापा ऐकून तिला माणसाच्या तोंडावरचं वाचायची सवय झालेली. एका दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, तर नवरा बंद कॉम्प्युटरपुढं बसून त्याच्याकडं नुसता बघत होता.

"तुमाला ही मशीन दुरुस्त करायचीच न्हाई," ती म्हणाली.

"असं काहून म्हणती? ठरतच न्हाई ना, बोर्ड का..."

"बोर्ड न्हाई आन कार्ड न्हाई. मशीन बंद हाय तवर म्हातारीचा आवाज त्यात हाय, असं म्हणता येतं. उघडली की एक तर असंल न्हाईतर नसंल. त्याला भिऊन राहिले तुमी."

भीमराजला राग आला. मोठा आला. तो उठून उभा राहिला आणि परत खाली बसला. "वायर लावली का न्हाई, तेच आठवत न्हाई," तो म्हणाला. बायकोपाशी हे तो पहिल्यांदाच बोलत होता. "तिकडं माय मुकी बसली आन मी हितं..."

शीतलनं डबा बाजूला ठेवला, टेबलाच्या खणातून पेचकस काढला, जो म्हणे घावत नव्हता, आणि त्याच्या हातात दिला. "काढा ती डबी. मीबी येते वसमतला."

दिपकच्या दुकानात डबी लावली आणि लग्न लगेच उघडलं. चित्र काय होतं! एक रेघ नाही, एक ठिपका नाही. मांडव, हळद, पुजाच्या कपाळावरून ओघळलेला घामाचा थेंब. भीमराज पडद्याकडं बघत होता आणि शीतल त्याच्याकडं. रुख्मिणीबाईंचा चेहरा आला. तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांतून धार लागली.

दुकानात फक्त पंख्याचा आवाज होता.

दिपकनं स्पीकर चाचपला. वायर काढून पुन्हा खोचली. दुसरं एक गाणं लावलं, ते ठणाणा वाजलं. परत लग्न लावलं. बैलावर उभी असलेली पुजा हात वर करून काहीतरी म्हणत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं. "दादा," तो हळूच म्हणाला, "आवाज भरलाच न्हाई यात."

भीमराज स्टुलावर बसला तो बसूनच राहिला. इतके दिवस पायाला भिंगरी लावून फिरणारा माणूस, आता त्याला उठवत नव्हतं. शीतलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दिपकला त्याची कीव आली असावी. तो म्हणाला, "माझ्याकडं दुसऱ्या तांड्याच्या लग्नाचा ढावलो हाय. तोबी अशाच एका म्हातारीचा आवाज. लावून देऊ का यावर? थोडं पुढं-मागं केलं की ओठाला बराबर बसंल." आणि त्यानं लावूनही दाखवलं. रुख्मिणीबाईंच्या तोंडातून कुण्या दुसऱ्याच बाईचा सूर निघाला. बसला होता, चांगला बसला होता. भीमराजच्या मनात क्षणभर "लाव" आलं, अगदी जिभेवर आलं. मग त्याला खाटेवर पडलेली म्हातारी दिसली. स्वतःचा आवाज ऐकायला ती कान देणार, आणि तिच्याच तोंडातून परकी बाई रडणार. आणि न्हाई, हा माझा न्हाई, एवढं सांगायलाही तिला जीभ नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं हात पुढं करून स्पीकरच बंद केला.

"आहे तसं सीडीवर टाकून दे," तो म्हणाला.

"आन मशिनीचं? बोर्ड टाकू का कार्ड?"

"तुला वाटंल ते टाक," भीमराज म्हणाला.

तीजेला तो तांड्यावर गेला. तीजेसाठी पेरलेल्या टोपल्यांत गव्हाचे कोवळे पोपटी कोंभ वर आले होते, पोरी त्यांच्याभोवती फेर धरून गात होत्या. मोहनसिंगनं दारातच त्याचे दोन्ही हात धरले. पोहचल्या पोहचल्या सांगून टाकायचं असं भीमराज वाटभर घोकत आला होता. पण आधी पाणी आलं, मग चहा आला, मग बाया येऊन बसल्या, आणि सांगायचं राहिलं. खाट टीव्हीसमोर ओढली होती. रुख्मिणीबाईंना उशी लावून बसवलं होतं, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. पुजा त्यांच्या पायाशी बसली होती.

सीडी लागली. म्हातारीचा चेहरा पडदाभर आला. बायांनी पदर तोंडाला लावले.

"आवाज वाढवा," मोहनसिंग म्हणाला. कुणीतरी बटण फिरवलं. "अजून वाढवा की."

"आवाज न्हाई, भाऊ," भीमराज म्हणाला. "मी वायर लावली न्हवती. आमच्या धंद्यात लावत न्हाईत. माझी चुकी झाली. टेपबी पुसली मी. कुठंच न्हाई आता."

मोहनसिंग पडद्याकडं बघत होता. "चित्र लई साफ हाय, भाऊ," तो म्हणाला. "पण चित्राचं मी काय करू? मायचं तोंड तर मी रोज बघून राहिलो." आणि तो उठून बाहेर गेला.

भीमराजनं मान खाली घातली आणि सीडी बंद करायला रिमोट उचलला. तोच खाटेवर धप्पकन आवाज झाला. रुख्मिणीबाईंनी डावा हात आपटला होता. बंद करू नको. त्या टक लावून बघत होत्या. पडद्यावरचे ओठ हलत होते, आणि इकडं त्यांचे ओठही, वाकडे, थोडे मागून हलत होते. पुजा सरकत सरकत टीव्हीजवळ गेली. पडद्यावरच्या दादीच्या तोंडाकडं बघत तिनं एक शब्द पुटपुटला, मग दुसरा, मग सूर धरून अख्खी ओळ म्हटली. तिथं अडली. त्या दिवशी ती दादीच्या छातीत तोंड खुपसून रडत होती; पुढचं तिला अर्धंमुर्धंच आठवत होतं. अंदाजानं तिनं काहीतरी जोडलं.

खाटेवर हात आपटला. पुजानं मागं वळून बघितलं. म्हातारी मान हलवत होती.

"मागं घ्या, भाऊ," पुजा म्हणाली.

भीमराजनं सीडी मागं घेतली. ओठ पुन्हा हलले. पुजानं दुसरा शब्द लावला. हात पुन्हा आपटला. तिसरा लावला, तेव्हा हात खाली आला नाही, आणि म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बायांनी ती ओळ उचलली. ओळ कशाची, हे भीमराजनं शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, आता संध्याकाळी शेळीच्या पिलाला हाक कोण मारंल, असं म्हणाली होती बघा म्हातारी. पुजा पुढच्या ओळीवर गेली आणि पुन्हा अडली. मोहनसिंग दारात येऊन उभा राहिला होता. तो भीमराजकडं बघत नव्हता.

हात आपटला.

"न्हाई म्हणून राहिली," पुजा म्हणाली. "अजून एकदा मागं घ्या, भाऊ."